तारेपासून २जीपर्यंत : गोंदिया जिल्ह्यातील जाळी आणि त्यांना जोडलेली यंत्रे

गोंदिया परिसरात दूरवर निरोप पोचवणारे पहिले जाळे रुळांच्या सोबतीने आले. नागपूर–छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग १८८० पासून नागपूरहून पूर्वेकडे सरकत गेला आणि पुढे राजनांदगावला पोचला. गाडी सोडण्यापूर्वी पुढच्या स्टेशनाला विचारून रस्ता मोकळा असल्याची खात्री करावी लागे, म्हणून रुळांच्या कडेने तारेचे खांब उभे राहिले. हा मार्ग पुढे बंगाल नागपूर रेल्वेकडे गेला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने काही वर्षांतच तो ब्रॉडगेज करून घेतला. म्हणजे गोंदियाने पाहिलेले पहिले जाळे जेमतेम एका दशकात बदलले. त्यानंतर १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून नैनपूर आणि जबलपूरकडे अडीच फुटी नॅरोगेज मार्ग सुरू झाला, १९०८ मध्ये नागभीडकडे जाणारा दुसरा. मोठी आणि छोटी अशा दोन लाइनी गोंदियात एकमेकींना भेटत. पण छोट्या लाइनीचा डबा मोठ्या लाइनीवर चढू शकत नसे, माल एकातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. नागभीडची लाइन विसाव्या शतकाच्या अखेरीस रुंद झाली, जबलपूरची पूर्ण व्हायला २०२० उजाडावे लागले. रूळ उखडले तेव्हा त्यांवरची इंजिने आणि डबे नव्या रुंद मार्गावर चालवता येण्याजोगे नव्हतेच. मध्य भारतातल्या या नॅरोगेज वाहनांपैकी काही आज नागपूरच्या मोतीबाग येथील संग्रहालयात आहेत. मोबाइलच्या जुन्या जाळ्यांवर चालणाऱ्या यंत्रांचीही अडचण नेमकी हीच आहे. मार्ग बदलला की त्यावर धावणारे साधन, ते कितीही धडधाकट असो, जागच्या जागी निरुपयोगी होते.

फरक आहे तो त्या साधनाच्या मालकीचा. रेल्वेचे डबे रेल्वेचे होते. तारखात्याचेही तसेच. भारतात १८५० मध्ये कलकत्ता आणि डायमंड हार्बरच्या दरम्यान तारेचा प्रयोग झाला, १८५४ पासून तार सर्वसामान्यांना खुली झाली आणि १४ जुलै २०१३ च्या रात्री ती कायमची थांबली. या दीडशेहून अधिक वर्षांत मोर्सची कळ, आवाज करणारे ग्राहकयंत्र, पुढे टेलिप्रिंटर, शेवटी संगणक अशी यंत्रे बदलत गेली. पण ती सारी तारघरात होती. धान-तांदळाच्या, बिडीच्या, तेंदूपत्त्याच्या व्यापारासाठी तार करणाऱ्या माणसाच्या हाती फक्त कागदाची पट्टी येई. तार बंद झाली तेव्हा अनेकांना हळहळ वाटली, पण कोणाच्या घरातले यंत्र निकामी झाले नाही आणि कोणाला खिशातून नवे घ्यावे लागले नाही. पुढच्या प्रत्येक बदलात हा भार थोडाथोडा करून वापरणाऱ्याच्या अंगावर सरकत गेला.

खेड्यातल्या दूरध्वनीचा टप्पा या दृष्टीने मधला आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने ग्रामीण भागात वातानुकूलनाशिवाय चालू शकणारी छोटी एक्स्चेंज तयार केली आणि तालुक्याच्या गावांना स्वयंचलित दूरध्वनी मिळणे शक्य झाले. तारेची लाइन टाकणे परवडत नव्हते अशा गावांसाठी रेडिओलहरींवर चालणारी ‘मार’ नावाची व्यवस्था आली. एका मध्यवर्ती केंद्राभोवती अनेक गावांचे सार्वजनिक फोन तीत जोडलेले असत. ही व्यवस्था फारशी टिकाऊ ठरली नाही. बिघाड वारंवार, सुटे भाग दुर्मिळ, आणि फोन आहे पण आवाज नाही अशी तक्रार देशभर. अखेर सार्वत्रिक सेवा निधीतून देशातले पावणेदोन लाखांहून अधिक ‘मार’ फोन बदलण्याचे काम बीएसएनएलकडे देण्यात आले. गावाचा फोन निकामी झाला खरा, पण बदलून देण्याची जबाबदारी सरकारची होती आणि त्यासाठी निधीही ठरलेला होता. या जुन्या उदाहरणाकडे आज फारसे कोणी पाहत नाही. पाहायला हवे, कारण जुने जाळे काढताना टोकाच्या यंत्राचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न त्यात सरळ सोडवला गेला होता.

पहिला खरा चटका सीडीएमए या मोबाइल तंत्राने दिला. २००२ च्या अखेरीस रिलायन्सने या तंत्रावरची सेवा सुरू केली. टाटा इंडिकॉम आणि बीएसएनएलची बिनतारी डब्ल्यूएलएल सेवाही याच तंत्राची. हप्त्यावर, कमी पैशांत हँडसेट मिळाला आणि ज्या घरांत कधी फोन नव्हता तिथे तो वाजू लागला. पण त्यातले बरेच हँडसेट कंपनीशी जखडलेले होते. सिम काढून दुसऱ्या कंपनीचे घालावे अशी सोयच नव्हती. २०१६ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सने सीडीएमए ग्राहकांना ४जीकडे वळवायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१७ पासून कंपनीची मोबाइलवरील बोलण्याची सेवाच बंद झाली. नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता आला, हँडसेट नेता आला नाही. साधन ग्राहकाच्या मालकीचे आणि जाळे कंपनीच्या हाती, ही जोडी किती एकतर्फी असते हे लाखो घरांना तेव्हा कळले.

जीएसएम म्हणजे ज्याला आज २जी म्हणतात, त्याची सुरुवात भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेल्या फोनने झाली. बीएसएनएलची मोबाइल सेवा ऑक्टोबर २००२ मधली. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा आठ तालुक्यांचा, उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. मोबाइलच्या नकाशावर ही दोन्ही राज्ये मिळून एक परिमंडळ आणि महाराष्ट्र-गोवा हे दुसरे. सीमेवरच्या गावात उभे राहिले की हँडसेट कधी इकडचा टॉवर पकडी, कधी पलीकडचा. आणि रोमिंगचे पैसे लागत त्या काळात घरच्या अंगणात बसूनही माणूस परप्रांतात गेल्यासारखे बिल येई. दक्षिण आणि पूर्वेकडचा भाग, म्हणजे सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव, जंगलाचा. नवेगाव आणि नागझिरा यांचा व्याघ्रप्रकल्प बराचसा याच जिल्ह्यात. दाट झाडी, विरळ वस्ती आणि नक्षलवादी चळवळीचा वावर. खासगी कंपनीला तिथे टॉवर उभारण्यात फायदा दिसत नव्हता.

म्हणून ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्र सरकारने नक्षलग्रस्त भागांत बीएसएनएलमार्फत टॉवर उभारण्याची योजना मंजूर केली. दहा राज्ये, दोन हजारांहून अधिक जागा, साडेतीन हजार कोटींवर खर्च. महाराष्ट्र त्या राज्यांत होता, आणि गोंदिया हा गडचिरोलीसोबत नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत वर्षानुवर्षे राहिलेला जिल्हा. टॉवर सौरऊर्जेवर चालणारे, कमी वीज खाणारे. पण सेवा होती २जीची. त्याच सुमाराला मोठ्या शहरांत ४जीच्या जाहिराती झळकत होत्या. उशिरा आलेले जाळे आधीच जुने झालेले होते, आणि आता जुनी जाळी काढण्याच्या चर्चेत सर्वांत आधी नाव येते तेही त्याचेच. दुर्गम भागाच्या वाट्याला तंत्रज्ञान असेच येते : शेवटी मिळते आणि रुळेपर्यंत काढून घेण्याची वेळ येते.

याच २जीला माणसांशिवाय इतर गोष्टीही जोडल्या गेल्या, आणि इथून या इतिहासाला वेगळे वळण लागते. गोंदिया हा धानाचा जिल्हा. खरिपात पावसावर आणि मामा तलावांवर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांवर, धान होते. उन्हाळी धानाला मात्र मोटारपंपाशिवाय गत्यंतर नाही. शेतीच्या वाहिनीवर थ्री-फेज वीज ठरावीक तास येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बांधीत पाणी सोडायला अंधारातून जावे लागते, आणि जंगलालगतच्या गावात साप, रानडुक्कर, अस्वल, वाघ यांतले काय समोर येईल सांगता येत नाही. वीज येताच आपोआप पंप सुरू करणारा ऑटो स्विच हा त्यावरचा जुना उपाय. पण शिवारातले सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले की ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो, म्हणून ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवा असे महावितरण शेतकऱ्यांना सतत सांगत आले आहे.

मोबाइल स्टार्टर हा त्याहून शहाणा उपाय. महाराष्ट्रात याची सुरुवात पुण्यातून झाली. संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या ‘नॅनो गणेश’ या यंत्राला नोकिया कंपनीच्या २००९ च्या स्पर्धेत पुरस्कार मिळाला. पुढे अशी अनेक यंत्रे बाजारात आली. रचना साधी आहे. स्टार्टरच्या पेटीशेजारी एक छोटी पेटी, तिच्यात सिमकार्ड. शेतकरी घरून त्या नंबरला फोन लावतो, पेटी फोन उचलते, तो ठरलेले आकडे दाबतो. प्रत्येक आकड्याचा सूर वेगळा असतो. पेटी तो सूर ओळखून स्टार्टरला चालू किंवा बंद करते. वीज आहे की नाही, विहिरीत पाणी आहे की पंप कोरडा फिरतो आहे, हेही ती उलट सांगते. काही यंत्रांत नुसता मिस्ड कॉल पुरतो. इंटरनेट नको, मोठा फोन नको, वाचता येण्याची गरज नाही. साध्या बटनाच्या फोनवर चालणारे, खेड्याच्या गरजेतून जन्मलेले हे उत्तम साधन आहे. आणि ते संपूर्णपणे २जीच्या बोलण्याच्या सेवेवर उभे आहे.

इतर यंत्रे कमी नजरेस पडतात. राइस मिलसारख्या मोठ्या वीजग्राहकांच्या मीटरला मोडेम असतो आणि वाचन दुरून घेतले जाते. रास्त भाव दुकानातले ई-पॉस यंत्र अंगठ्याचा ठसा सर्व्हरकडे पाठवते. रेंज गेली की दुकानदार यंत्र हातात घेऊन दाराबाहेर येतो आणि रांग थांबते. पीकविम्याच्या संदर्भात ज्यांचा उल्लेख होतो ती महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे २०१७ पासून राज्यातल्या महसूल मंडळांत उभी राहिली. पाऊस, वारा, तापमान यांचे आकडे ती सिममार्फत पाठवतात. केंद्राच्या कुसुम योजनेतल्या सौर पंपांना दुरून देखरेख करणारे उपकरण जोडणे आवश्यक असते. ट्रकचे जीपीएस, एटीएम, एसटी वाहकाच्या हातातले तिकीट यंत्र यांनाही कुठल्यातरी जाळ्याचा आधार लागतो. अशा यंत्रांची संख्या वाढणार हे ओळखून दूरसंचार विभागाने १ जुलै २०१८ पासून यंत्रांसाठीच्या नव्या सिमना दहाऐवजी तेरा अंकी क्रमांक देण्याचे ठरवले. शेतकऱ्याने दुकानातून साधे सिम आणून स्टार्टरमध्ये घातले असेल तर मात्र ते कंपनीच्या नोंदीत माणसाचा फोन म्हणूनच राहते. जाळे बंद करताना कोणती यंत्रे तुटतील याचा हिशेब याच कारणाने कोणाकडे पुरा नसतो.

दरम्यान ३जी येऊन गेले. त्याची कहाणी लहान आहे. २०१० मध्ये लिलाव झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस खासगी सेवा सुरू झाल्या, आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने केवळ ४जीवर चालणारे जाळे देशभर उघडल्यावर ३जीचे महत्त्व झपाट्याने ओसरले. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून ३जी बंद करायला सुरुवात केली आणि वर्षभरात बहुतेक देशातून ते काढले. व्होडाफोन आयडियानेही टप्प्याटप्प्याने तोच मार्ग धरला. बीएसएनएलने २०२५ च्या सुरुवातीला बिहारमध्ये ३जी बंद केले. जेमतेम दहा वर्षांचे आयुष्य. आश्चर्य वाटेल, पण त्याच्या आधी आलेले २जी मागे राहिले.

कारण व्यावहारिक आहे. ४जी मुळात डेटासाठीचे जाळे. त्यावरून बोलण्यासाठी व्होल्टी ही सोय हँडसेटमध्ये असावी लागते. नसेल तर फोन बोलण्यापुरता मागे २जीवर उतरतो. ३जी काढले तरी हा आधार टिकतो, २जी काढले तर बटनाचे साधे फोन आणि व्होल्टी नसलेले जुने स्मार्टफोन दोन्ही मुके होतात. दुसरे कारण लहरींचे. ३जीची एक वाहिनी पाच मेगाहर्ट्‌झ जागा व्यापते, ती मोकळी झाली की ४जीला लगेच कामी येते. २जीची वाहिनी फक्त दोनशे किलोहर्ट्‌झची, थोड्या वाहिन्या ठेवून निभावता येते. शिवाय ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी झाडीतून लांब जातात, जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांना त्यांचाच उपयोग. पण दोन जाळी एकत्र चालवण्याचा वीज-देखभालीचा खर्च जास्त, आणि २जीची कूटपद्धती जुनी असल्याने खोट्या टॉवरवरून फसवे संदेश पाठवणाऱ्यांना ती सोपी पडते. २०२४ च्या सुरुवातीला जिओने दूरसंचार नियामक ट्रायपुढे २जी आणि ३जी पूर्णपणे बंद करण्याचे धोरण असावे अशी मागणी मांडली. जिओकडे २जी नाहीच, त्यामुळे ही मागणी तिच्या धंद्याला सोयीची होती हे वाचताना लक्षात ठेवलेले बरे.

सरकारी पैशाचा ओघ मात्र ४जीकडे वळला आहे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नक्षलग्रस्त भागांतल्या २,३४३ जागांवरचे २जी टॉवर ४जी करण्याला मान्यता दिली. खर्च २,४२६ कोटी रुपयांवर. त्याच वर्षी जुलैमध्ये सेवा न पोचलेल्या गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलचे देशी बनावटीचे ४जी अधिकृतपणे सुरू झाले. टॉवरच्या खर्चाचा विचार या निर्णयांत बारकाईने झाला. टॉवरखालच्या बांधीतल्या मोटारीला लावलेल्या पेटीचा त्यांत कुठे विचार नाही.

बाहेरचे देश हा धडा महागात शिकले. अमेरिकेत एटी अँड टीने २०१७ च्या सुरुवातीला २जी आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केले, तेव्हा घरांतली चोर-घंटा यंत्रे आणि गाड्यांमधली आपत्कालीन संपर्काची सोय यांचा प्रश्न उभा राहिला. धोक्याच्या घंटा पुरवणाऱ्या उद्योगाने मुदतवाढ मागितली होती. ऑस्ट्रेलियात ३जी बंद करण्याची तारीख लांबवून २८ ऑक्टोबर २०२४ करावी लागली. एरवी ४जीवर चालणारे काही हँडसेट आपत्कालीन क्रमांक लावताना ३जीच शोधतात, हे तिथे ध्यानात आले होते. वृद्धांच्या गळ्यातली मदतीची बटणे हीही काळजी होती. दोन्ही देशांत तारखा आधी जाहीर झाल्या होत्या, तरी यंत्रांचा शोध घेण्यातच बराच काळ गेला. ब्रिटनने २०३३ पर्यंतची मुदत देऊन थोडे शहाणपण दाखवले.

यंत्राची तयारी म्हणजे नेमके काय, हे मोबाइल स्टार्टरवरूनच समजते. ४जी मोडेम बसवले की झाले, असे वाटते. पण मोडेम डेटापुरताच असेल आणि त्यात व्होल्टी नसेल तर फोन लावून पंप सुरू करण्याची सगळी पद्धतच कोलमडते. मग शेतकऱ्याला अ‍ॅप वापरावे लागते, म्हणजे स्मार्टफोन आणि त्याचे रिचार्ज आले. म्हणून व्होल्टी असलेला मोडेम हवा, आणि जिओसह सर्व कंपन्यांच्या सिमवर तो बोलणे स्वीकारतो याची खात्री हवी. पेटीला मोडेम आणि अँटेना त्या भागात वापरात असलेल्या लहरींचे लागतात. शहरात चालणारे यंत्र २३०० मेगाहर्ट्‌झ पकडते आणि जंगलातल्या बीएसएनएलच्या टॉवरशी त्याचे जमत नाही, असे होऊ शकते. मीटरच्या जुन्या मोडेममध्ये वाचनासाठी फोनसारखा कॉल जोडला जाई. ४जीवर ती रीत नाही, म्हणून वाचन घेणारी संगणकप्रणालीही बदलावी लागते. ज्या पेटीत मोडेम वेगळ्या पट्टीवर बसवलेला असतो तिथे फक्त ती पट्टी बदलून काम भागते. एकसंध पेटी मात्र सगळीच फेकावी लागते. खरेदी करताना हा एक प्रश्न विचारला तर पुढचा मोठा खर्च वाचतो.

काही ठिकाणी तयारी झालीही. राज्यातल्या रास्त भाव दुकानांना जुन्या ई-पॉस यंत्रांच्या जागी ४जी यंत्रे देण्यात आली, कारण ते यंत्र सरकारचे आणि बदलण्याची जबाबदारीही सरकारची. महावितरणचे मीटर महावितरण बदलते. कंपनीचा ट्रक कंपनी बघून घेते. उरतो तो स्वतःच्या पैशाने पेटी घेतलेला शेतकरी. त्याला ना पूर्वसूचना, ना अनुदान.

२जी बंद करण्याची कोणतीही तारीख भारत सरकारने ठरवलेली नाही; तो निर्णय कंपन्यांच्या हाती आहे. त्यामुळे वेळ अजून आहे, आणि ती दवडू नये. कृषी विभागाच्या तालुका कार्यालयांनी मोबाइल स्टार्टर असलेल्या पंपांची गावनिहाय नोंद आताच करून घ्यावी. नवे यंत्र घेणाऱ्या शेतकऱ्याने पेटीवर ‘४जी व्होल्टी’ लिहिलेले आहे का ते पाहावे आणि दुकानदाराकडून ते पावतीवर लिहून घ्यावे. आणि कोणत्याही कंपनीला एखाद्या भागातले जुने जाळे काढायचे असेल, तर किमान दोन हंगाम आधी ग्रामपंचायतीला लेखी कळवण्याची अट दूरसंचार विभागाने घालावी.